फाळक्यावरची थाप

१

अवजड गाडीचं लायसन घरी आलं तेव्हा कमलाक्षीच्या घोवाने, सगुणने, ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "आता ता चुलीत घाल. भाकरी तरी भाजात."

कमलाक्षी भात वाढत होती. हातातली डवली तिने तशीच भातासकट त्याच्या कपाळावर हाणली. रक्त आलं नाही, पण टेंगूळ आलं, आणि केरीच्या तिठ्यावर त्याला चार जणांनी विचारलं तेव्हा हा बाबा माड लागला म्हणून सांगत सुटला.

तर अशी ही बाई. चौथी पास. उमेदीची सगळी वर्षं हरमलच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये गोऱ्यांची उष्टी ताटं घासण्यात गेली. हाताची चामडी साबणाने सोलून निघाली. शॅकमागच्या वाटेने खडीचे टिपर जायचे, तेव्हा ती ताट हातात धरून उभी राहायची. उंचावर बसलेला तो माणूस कोणाला सलाम करत नाही, कोणाचं उष्टं काढत नाही, भोंगा वाजवला की आमदाराची गाडीसुद्धा बाजूला होते. तिला तिथे बसायचं होतं. बस, एवढंच.

लायसन मिळालं, काम मिळेना. जिथे जाईल तिथे एकच पालुपद, "अनुभव घेवन ये." शेवटी कोणीतरी डिचोलीच्या बाजारामागची एजन्सी सांगितली. सलूनच्या वरच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि पंखा. मधुकर नावाचा जाडा माणूस बदली ड्रायव्हर पुरवायचा. खाणीचा माल, खडी, वाळू, काय असेल ते.

"अनुभव?" त्याने विचारलं.

"लायसन."

"लायसन सगळ्यांकडे आसता, बाये. अनुभव?"

"तू गाडी देशीत तेव्हा येतलो अनुभव. का तो बाजारात वाट्यावर मेळता, मधुकरबाब?"

मधुकर हसला. मग बराच वेळ तिच्या दंडांकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "एक टिपर आसा. दहा चाकी. राजेश म्हणून ड्रायव्हर होतो, तो रजेर आसा. आठवड्याचे दोन-तीन दिवस, जेव्हा मी फोन करतलंय तेव्हा. क्लीनर मेळचो नाय."

"क्लीनर नाय तर रिव्हर्स कसो घेवचो?"

"आरसे आसत. ह्यो सीझन नीट काढ, तुका पक्की गाडी देतंय. पण कोणाक लागला, कोणाचा रक्त सांडला, तर लायसन रवचा नाय आणि परत ताटां घासूक जा."

"जावचंय नाय," कमलाक्षी म्हणाली आणि चावी उचलली.

२

गाडी जुनी होती पण इंजिन ठणठणीत. हौद्याला लाल मातीचा थर बसलेला. मागचा फाळका, म्हणजे माल ओतताना उघडतो तो मागचा पत्रा, मध्यभागी आत चेपलेला होता. जुन्या गाडीला असं असतंच.

काम सोपं. शिरगावच्या बाजूने माल भरायचा आणि नदीकाठच्या प्लॉटवर ओतायचा. प्लॉटवर एक चिऱ्यांची उंच भिंत. दोन ढिगांच्या मधून गाडी उलटी आत न्यायची, भिंतीपासून माणूस उभा राहील इतकी जागा ठेवून थांबायचं, ओतायचं, निघायचं. वाट उताराची. आरशात नुसता लाल धुरळा.

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तराने तिला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. गाडी मागे जाताना क्लीनर फाळक्यावर थापा मारतो. थापा चालू आहेत तोवर ये, ये, ये. एकच सणसणीत थाप पडली की थांब. "आरसो फसयतलो," मास्तर म्हणायचा, "थाप फसवची नाय."

पहिल्या दिवशी ती ढिगांच्या तोंडाशी गाडी उभी करून घाम पुसत होती. बाजूला चहाच्या टपरीवर बाकीचे ड्रायव्हर तमाशा बघायला जमले होते. तिने रिव्हर्स टाकला. गाडी हलली, आणि मागून थापा सुरू झाल्या.

धप धप धप धप.

कमलाक्षीला इतकं बरं वाटलं! कोणातरी भल्या माणसाला दया आली म्हणायची. ती थापांवर गाडी घेत गेली, अंदाजाने थांबली, माल ओतला. खाली उतरून मागे गेली आणि म्हणाली, "देव बरे करू रे बाबा."

मागे कोणी नव्हतं. भिंत होती, ओतलेला माल होता. मजूर लांब झाडाखाली भाकरी खात होते.

फाळक्याची साखळी ढिली होती. तीच आपटली असणार. तिने सुंभ आणून साखळी आवळून बांधली आणि पुढच्या खेपेला गेली.

धप धप धप धप.

३

माणूस कशालाही सरावतो. कमलाक्षीने मनाशी ठरवलं, उतारावर मालाचे दगड घरंगळतात आणि पत्र्यावर आपटतात. दगड आपटले तरी काय, गाडी सरळ जाते ना? टपरीवरचे ड्रायव्हर आता गप्प झाले होते. एका फटक्यात ती गाडी अशी आत घालायची की जुन्यांनी तोंडात बोट घालावं. थापा पडू लागल्या की ती मोठ्याने म्हणायची, "येतंय रे, येतंय."

पण डोक्यात किडा होताच. दगड असे पडत नाहीत. हे हाताचे तळवे होते. एका हाताचे नव्हेत, दोन्ही हातांचे. घाईघाईने. आणि इतक्या खेपा झाल्या, थांब म्हणणारी ती एकटी थाप कधीच पडली नाही. ती स्वतःच थांबायची, तरी मागून चालू. इंजिन बंद केलं तरी थोड्या थापा पडायच्या, हळू, अजून हळू, मग पत्र्यावरून काहीतरी घसरल्याचा आवाज, आणि चिडीचूप.

त्या प्लॉटवर तुषार नावाचा सुपरवायझर होता. तिशीचा पोरगा, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात कायम लोखंडी रॉड. मजुरांना तो नावाने हाक मारत नसे, रॉडनेच टोचत असे. बेळगावकडचा दादू नावाचा म्हातारा मजूर होता. एकदा त्याच्या हातून फावडं निसटून तुषारच्या बुटावर पडलं. तुषारने त्याला खाली पाडलं आणि पोटऱ्यांवर रॉड घालायला लागला. म्हातारा ओरडतही नव्हता. नुसता हात जोडत होता. बाकीचे बघत उभे.

कमलाक्षीने सीटखालची टॉमी, चाकं खोलायची लोखंडी पहार, काढली आणि सरळ चालत आली.

"हात खाली कर, मेल्या."

"तू कोण गे सांगणारी? बदलीची बाई."

"बापाच्या वयाच्या माणसाक मारतंस? परत त्याका हात लावलंस तर ह्या गाडयेखाली घालीन तुका. देवीची आण!"

सगळ्या प्लॉटने ऐकलं. तुषारने चष्मा वर केला आणि हसला.

"ह्या गाडयेखाली?" तो म्हणाला. "ह्या गाडयेक सवय आसा."

कोणीतरी खाली मान घालून पटकन थुंकलं. दादू उठून लंगडत निघून गेला.

४

प्लॉटवर एक भुरी कुत्री होती. पाववाल्या पोदेराचा शिळा उंडा कमलाक्षी रोज तिला घालायची. गाडीचा आवाज ओळखून ती पुढ्यात यायची.

त्या दिवशी ती पुढ्यात आली नाही. कमलाक्षीने रिव्हर्स टाकला, थापा सुरू झाल्या, ये ये ये, आणि ती निर्धास्त मागे गेली. चाकाखाली काहीतरी आलं. आधी मऊ, मग कडक. कुत्री एकदाच ओरडली.

कमलाक्षी उतरली. बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मागचे पाय अजून चालत होते, कुठेतरी निघाल्यासारखे. तिने टॉमी आणली, डोळे न मिटता जे करायचं ते केलं, आणि मग नदीचं पाणी आणून चाकं धुतली. धुता धुता तिची नजर फाळक्यावर गेली.

लाल धुळीत तळहात उमटले होते. दोन्ही. बोटं फाकलेली. एक जोडी नव्हे, एकावर एक, कितीतरी, सगळे त्या चेपलेल्या जागेभोवती, छातीच्या उंचीवर. मजुरांचे असतील. फाळका सोडताना हात लागतातच.

तिने ओल्या फडक्याने पुसले. पत्रा उन्हाने इतका तापलेला की फडकं चरचरलं. ठसे होते तिथे मात्र तो गार होता. देवळातल्या फरशीसारखा.

ती दादूला शोधत गेली. तो झाडाखाली पोटऱ्यांना तेल लावत बसला होता.

"दादू, मी गाडी मागे घेतंय तेव्हा फाळक्यार कोण थापा मारता?"

"कसल्या थापा, बाई?"

"तुका आयकूक येनत नाय?"

"आमास्नी तर काय बी ऐकू येत न्हाई. तू आपली मनानंच सुसाट मागं येतीस की. आमी म्हणतो, बाई लई धाडसाची हाय." मग त्याने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि त्याचा तेलाचा हात थांबला. "राजेशला इचार जा. मला न्हाई सांगाय येत. माजं पोट हाय हितं."

५

राजेशचं घर शिरगावात, देवळापासून थोडं आत. ओसरीच्या खांबाला पितळेची घंटा टांगलेली होती. कमलाक्षीचं तिकडे लक्ष गेलं नाही. तिने दारावर हात मारला. धप धप धप.

दार फाडल्यासारखं उघडलं आणि कोयता आला. ती मागे झाली म्हणून वाचली, पातं चौकटीत रुतलं. कोयत्यामागे एक वाळलेला माणूस, दाढी वाढलेली, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या.

"कोणी वाजयला? दार कोणी वाजयला?"

त्याची बायको उषा धावत आली, त्याच्या मनगटाला लोंबकळली. "घंटा दिसाक नाय तुका?" ती कमलाक्षीवरच ओरडली. "घंटा कित्याक बांधल्या ती? दारार थाप मारूची न्हय म्हणून ना!"

कोपऱ्यात धोंडांची रंगीत वेताची काठी उभी होती. लईराई देवीच्या जत्रेत जळत्या निखाऱ्यांवरून चालणारा हा धोंड, आणि दारावरच्या थापेला घाबरत होता. कमलाक्षीला हसू येईना.

"मी तुझी गाडी चलयतंय," ती म्हणाली.

राजेशचा हात कोयत्यावरून सुटला. तो ओसरीवर बसला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "थाप एकच पडता, काय खूप?"

"खूप. दोनय हातांनी."

"मगे तू काय करतंस?"

"मागे घेतंय."

राजेश हसायला लागला. हसता हसता त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. उषा पदराने ती पुसत राहिली.

"मीय घेतली," तो म्हणाला. "तुषार बाजूक उभो रवान हात हालयत होतो, ये, ये, बेगीन. मागसून थापा चालू. माका वाटला, माझो क्लीनर पण ताच सांगता." त्याने दोन्ही तळवे वर केले आणि हवेत धरले, समोर पत्रा असल्यासारखे. "तो ये म्हणत नव्हतो गे, बाये."

उषाने कमलाक्षीला ढकलत ढकलत अंगणाबाहेर काढलं.

स्कूटरवरून घरी जाताना अर्ध्या वाटेत कमलाक्षीने एकदम ब्रेक मारला. मागचा मोटारसायकलवाला आईवरून शिवी देऊन गेला. ती रस्त्याच्या मधोमध एक पाय टेकून तशीच उभी. भिंत आणि फाळका यांच्यामध्ये जो सापडतो तो एक थाप मोजून मारत नाही. तो मिळेल त्या हाताने, जीव असेपर्यंत मारत राहतो.

तिला त्या सगळ्या खेपा आठवल्या. आणि आपण मोठ्याने म्हणत होतो ते. येतंय रे, येतंय.

६

चावी परत द्यायची होती तर तेव्हाच द्यायला हवी होती. पण मधुकरचा फोन आला, "उद्या शेवटची खेप मार आणि वर ऑफिसात ये, पक्की गाडी तुझी." कमलाक्षीने रात्रभर कूस बदलली. सगुण म्हणाला, "नको जावू. शॅकवाले अजून इचारतत तुका." त्या एका वाक्यानेच तिचं ठरलं.

तिने मनाशी पक्कं केलं, थाप पडली की ब्रेक. खाली उतरायचं, मागे जाऊन बघायचं, मग पुढचं. वेळ गेला तर गेला.

प्लॉटवर माणसं कमी होती. ऊन टाळू जाळत होतं. गाडी हलली, थापा पडल्या, तिने ब्रेक दाबला. उतरली, बघितलं, चढली. परत थापा, परत ब्रेक, परत उतरली. ढिगांच्या मधोमध गाडी अडकल्यासारखी उभी, बाहेर दुसरे टिपर भोंगे वाजवायला लागले.

तुषार रॉड घेऊन आला. "काय नाटक लावलंस गे?"

"मागे कोण आसा तो बघतंय."

त्याचा चेहरा क्षणभर पांढरा झाला. मग जो लाल झाला! त्याने तिचा अंबाडा धरला आणि तिला गाडीच्या दारावर आपटलं. कमलाक्षीने त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की दात हाडाला लागले. रॉड तिच्या खांद्यावर पडला. काहीतरी कडकन वाजलं. तिचं तोंड रक्ताने भरलं, अर्धं त्याचं, अर्धं तिचं.

"मागे कोण नाय!" तो किंचाळत होता. "बघ, मी उभो रवतंय मागे! मी! मी सांगतंय तशी घे, नाय तर मधुकराक सांगान तुझा लायसन फाडतंय!"

आणि तो खरंच गेला. फाळका आणि भिंत यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला. दादू लांबून ओरडला, "साहेब, तिथं नगा!" पण ते भोंग्यांत बुडालं.

कमलाक्षी एका हाताने वर चढली. दुसरा हात नुसता लोंबत होता. रिव्हर्स टाकला. मागून रॉडचे ठोके, ठण ठण ठण, ये ये ये. गाडी उतारावर मागे सरकली. मग एकच ठोका पडला, सणसणीत.

ठण्ण!

थांब.

तिचा पाय ब्रेकवर गेला. हे ती आजही देवीच्या पायावर हात ठेवून सांगते. पाय ब्रेकवर गेला आणि ब्रेक तळापर्यंत दाबला गेला. गाडी मात्र मागे जात राहिली. जोरात नव्हे. कोणीतरी बोलावलं म्हणून जावं, तशी सावकाश.

तिने आरशात बघितलं. धुरळ्यात तुषारचा एक खांदा दिसत होता. तो बाजूला उडी मारायला वळला होता, पण निघत नव्हता, कारण त्या खांद्यावर मागून एक हात होता. मागे भिंत होती. भिंतीला त्याची पाठ टेकलेली, मध्ये कागद शिरायला जागा नव्हती. तरी हात होता, मनगटापर्यंत लाल, आणि रांगेतल्या पोराला धरावं तसा तो तुषारला जागेवर धरून होता.

रॉड खाली पडल्याचा आवाज झाला. मग थापा. दोन्ही तळव्यांच्या.

धप धप धप धप धप.

या वेळी त्यांचा अर्थ काय ते कमलाक्षीला माहीत होतं.

मग त्या हळू झाल्या. अजून हळू. मग पत्र्यावरून काहीतरी घसरलं.

७

पोलिसांनी ब्रेक तपासले. चोख होते. लायनर झिजलेले नव्हते, तेल गळत नव्हतं.

"ब्रेक दाबलेलो?" हवालदाराने विचारलं. ती अजून वरच बसली होती, उतरायला तयार नव्हती. खांदा सुजून कानाला लागला होता.

"दाबलंय."

"मगे गाडी रवाक नाय कित्याक?"

रॉडचा तो शेवटचा ठोका आणि ब्रेकवर गेलेला पाय, यांच्यामध्ये एक श्वास गेला होता. एकच. तोंडात रक्ताची चव होती, खांद्यात आग होती, आणि मागे तो उभा होता. त्या श्वासात कमलाक्षीच्या मनात काय आलं ते तिला माहीत होतं. ती ज्या गाडीत बसली होती तिलाही माहीत असणार.

खाली सगळे समोरच्या बाजूला गोळा झाले होते. मधुकर घाम पुसत होता. दादू जमिनीवर बसून रडत होता. दोन पोलीस ढिगाच्या सावलीत विडी ओढत होते. मागे कोणी नव्हतं. जे होतं ते ताडपत्री घालून केव्हाच नेलं होतं.

"मी लायसन देतंय," कमलाक्षी म्हणाली आणि ते हवालदाराच्या हातात ठेवलं. तिने स्टिअरिंगवरून हात फिरवला. मग चावीला हात घातला.

तेव्हा मागून फाळक्यावर थाप पडली. हाताची. सावकाश, नीट मोजून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, एकच.

बाकी कोणी मान वळवली नाही.

"थांबलंय रे," ती हळू म्हणाली, आणि चावी काढून खाली उतरली.